उष्ण झोतातला थंड वायू: टिकतो, की वाटेतच नव्याने तयार होतो?

मांजराकाठ (धागाकर्ता)

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या शिवारात हुरड्याला आलेल्या पाहुण्यांना मी रात्री अकराच्या सुमारास सहा इंची दुर्बिणीतून सप्तर्षीच्या भागातील एम ८१ आणि एम ८२ ही दीर्घिकांची जोडी दाखवली. लातूरच्या अक्षांशावरून ही जोडी फार वर कधीच येत नाही. त्या वेळी ती उत्तरेकडून किंचित पूर्वेला, तीसेक अंशांवर होती आणि आगटीचा धूर नेमका त्याच बाजूला वळत असल्याने मला दुर्बीण दोनदा हलवावी लागली. एम ८२ आपल्या दुर्बिणीतून केवळ एक पुसट, लांबट रेघ दिसते. मोठ्या दुर्बिणींच्या छायाचित्रांत मात्र त्या रेघेच्या मधोमध, वर आणि खाली, हायड्रोजनच्या लालसर तंतूंचे दोन फवारे उसळलेले दिसतात. मी पाहुण्यांना सांगितले की तेथे फार वेगाने तारे जन्मत आहेत, त्यांतील जड ताऱ्यांचे एकामागोमाग सुपरनोव्हा होत आहेत, त्या स्फोटांनी तापलेला वायू दीर्घिकेबाहेर फेकला जात आहे आणि तो जाताना थंड वायूचे ढग आपल्यासोबत ओढून नेत आहे. त्यावर दहावीत शिकणाऱ्या एका मुलीने विचारले, "इतक्या गरम वाऱ्यात ते ढग विरत का नाहीत?" मी काहीतरी उत्तर दिले. घरी येऊन वाचल्यावर ते उत्तर चुकीचे होते हे कळले, म्हणून हा धागा.

प्रश्न समजावा म्हणून आकडे मांडतो. एम ८२ आपल्यापासून सुमारे १ कोटी २० लाख प्रकाशवर्षे दूर आहे. तिच्या गाभ्यातील उष्ण वायूचे तापमान चंद्रा या क्ष-किरण दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून ३ ते ८ कोटी केल्विन निघते. हा वायू बाहेर पडताना पसरतो आणि निवतो, तरी त्याचा वेग सेकंदाला हजार किलोमीटरच्या वरच असतो. ते लाल तंतू मात्र सुमारे १०,००० केल्विनचे आहेत आणि त्यांचा वेग सेकंदाला ६०० किलोमीटरच्या आसपास आहे. त्याच फवाऱ्यात कार्बन मोनॉक्साइडचे रेणूही सापडले आहेत, म्हणजे काही वायू शून्य अंश सेल्सिअसच्या खाली दोनशे अंशांहून अधिक गारठलेला आहे.

आता एक ढग घेऊ. त्रिज्या ३० प्रकाशवर्षे, घनता भोवतीच्या वाऱ्याच्या १०० पट, वाऱ्याचा वेग सेकंदाला १००० किलोमीटर. हा वेग प्रकाशाच्या तीनशेव्या भागाइतका असल्याने वाऱ्याला ढगाच्या त्रिज्येइतके अंतर तोडायला ९,००० वर्षे लागतात. वाऱ्याच्या आघाताने उठलेली दाबाची लाट ढगाच्या आत मात्र घनतेच्या गुणोत्तराच्या वर्गमुळाने, म्हणजे दहा पटींनी, मंदावते. म्हणून ढग चिरडून त्याच्या चिंध्या व्हायला साधारण ९०,००० वर्षे लागतात. क्लाइन, मॅकी आणि कोलेला यांनी १९९४ मध्ये हा हिशेब सविस्तर मांडला. दुसरीकडे, ढगाने वाऱ्याचा वेग पकडायचा तर त्याच्या वस्तुमानाइतका वारा त्याच्यावर आदळावा लागतो, आणि त्याला घनतेच्या गुणोत्तराइतका, म्हणजे शंभर पट काळ लागतो: ९ लाख वर्षे. थोडक्यात, ढग वेग घेण्याच्या दहा पट आधीच मरतो. एम ८२ चे तंतू तर दहा हजार प्रकाशवर्षांच्या आसपास पसरलेले आहेत आणि तेथे पोहोचायला पूर्ण वेगानेही ३० लाख वर्षे हवीत.

मी त्या मुलीला सांगितले होते की ढग मोठे असल्यामुळे टिकत असावेत. हे उत्तर कोठे चुकते, ते जाणकारांनी सांगावे.

काळी माती

गुरुजी, विषय माझा नाही, पण पाण्यातले ढेकूळ मी रोज पाहतो. पाटाला पाणी सोडले की चिंचोक्याएवढी ढेकळे लगेच विरघळतात आणि नांगरटीचे डोक्याएवढे ढेकूळ संध्याकाळपर्यंत तसेच असते. बाहेरून झिजते, आतून कोरडे राहते. मग मोठा ढग जास्त काळ टिकतो असे म्हणण्यात चूक काय आहे?

मांजराकाठ

जास्त काळ टिकतो, हे बरोबर आहे. पण त्रिज्या दुप्पट केली की चिरडण्याचा काळ दुप्पट होतो आणि वेग घेण्याचा काळही दुप्पट होतो, त्यामुळे दोघांचे गुणोत्तर जागेवरच राहते. मोठा ढग उशिरा मरतो, पण वेग घ्यायलाही त्याला तितकाच उशीर लागतो. तुमचे मोठे ढेकूळ संध्याकाळपर्यंत टिकते खरे, मात्र ते पाटाच्या तोंडाशीच असते. पाण्यासोबत शेताच्या टोकाला गेलेले ढेकूळ तुम्ही पाहिले आहे काय? घनता वाढवूनही उपयोग होत नाही, उलट तोटाच होतो, कारण वेग घ्यायला लागणारा काळ घनतेच्या पटीत वाढतो आणि आयुष्य मात्र तिच्या वर्गमुळाच्याच पटीत.

अजिंठेकर

चुंबकीय क्षेत्राचा विचार झाला आहे का? वाऱ्यातील क्षेत्ररेषा पुढे सरकणाऱ्या ढगाच्या तोंडावर झुलीसारख्या चढतात आणि ताणलेल्या दोरांप्रमाणे ढगाच्या कडांवरील भोवरे दाबून धरतात, असे मी वाचले आहे. शिवाय त्या ताणामुळे ढगाला जास्तीची ओढही बसते, म्हणजे वेग घेण्याचा काळ घटतो.

मांजराकाठ

होय, मॅककोर्ट आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये हेच दाखवले. त्याने मदत होते, पण घनतेचा फरक शंभर किंवा हजार पट असेल तर केवळ तेवढ्यावर भागत नाही, असे माझे वाचन सांगते. २०१७ मध्ये झांग, थॉम्पसन, क्वाटार्ट आणि मरे यांनी तर वारा ढग ओढून नेतो ही कल्पनाच अडचणीत असल्याचा हिशेब मांडला होता.

पूर्णामाय

मी पदव्युत्तर वर्गात याच विषयावर छोटा प्रकल्प केला आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. गुरुजींच्या हिशेबात एक गोष्ट नाही: वायू उजेड टाकून निवतो. ढगाच्या कडेला वाऱ्याच्या घर्षणाने भोवरे उठतात आणि उष्ण व थंड वायूचा एक मिश्र थर तयार होतो. आजवर त्या थराकडे ढगाची झीज म्हणून पाहिले जात होते. २०१८ मध्ये मॅक्स ग्रॉन्के आणि पेंग ओह यांनी विचारले की या मिश्रणाचे पुढे काय होते.

मिश्रणाचे तापमान किती असेल, हे आधी काढू. वारा १० लाख केल्विन, ढग १० हजार केल्विन, घनतेत १०० पट फरक. दोघेही मिश्रणात सारखेच वस्तुमान घालत नाहीत. वारा आपल्या वेगाने आत शिरतो. ढगाचा वायू जड असल्याने दहा पट हळू सरकतो, पण तो शंभर पट दाट आहे, म्हणून वस्तुमानाने पाहता वाऱ्याच्या एका भागाला ढगाचे दहा भाग मिळतात. दहा भाग १०,००० चे आणि एक भाग १०,००,००० चा: बेरीज ११ लाख, भागिले ११, म्हणजे १ लाख केल्विन. मला हा हिशेब फार आवडतो, कारण तो पाटीवर करता येतो आणि उत्तर नेमके दोन तापमानांच्या गुणाकाराचे वर्गमूळ निघते. बेगेलमन आणि फेबियन यांनी १९९० मध्येच मिश्र थरांसाठी हे तापमान सुचवले होते.

आता योगायोग असा की १ लाख केल्विनच्या आसपास वायू सर्वांत जोमाने निवतो. त्या तापमानाला कार्बन आणि ऑक्सिजन यांच्या अणूंजवळ काही इलेक्ट्रॉन अजून शिल्लक असतात. टकरांनी ते उत्तेजित होतात आणि ऊर्जा अतिनील किरणांच्या रूपाने बाहेर टाकतात. १० लाखांच्या वर त्यांचे बहुतेक इलेक्ट्रॉन गेलेले असतात, त्यामुळे उजेड टाकण्याचे साधनच उरत नाही. त्यात मिश्रण वाऱ्यापेक्षा दहा पट दाट, आणि दाट वायूत टकरा जास्त. घनसेंटिमीटरला ०.०१ कण असलेला वारा धरून मी ढोबळ आकडे काढले तेव्हा वाऱ्याला स्वतः निवायला दोन-अडीच कोटी वर्षे लागतात, पण मिश्रणाला पन्नास-साठ हजार वर्षे पुरतात, असे निघाले. गुरुजींच्या ढगाचे आयुष्य ९०,००० वर्षे. म्हणजे ढग चिरडला जाण्याआधीच त्याची कड पुन्हा निवते आणि त्यात अडकलेला वाराही थंड होऊन ढगाच्या पदरात पडतो. ढग झिजण्याऐवजी वाढतो.

येथेच आकाराचा संबंध येतो. मिश्रण निवण्याचा काळ ढगाच्या आकारावर अवलंबून नाही, चिरडण्याचा काळ मात्र आहे. म्हणून एका मर्यादेच्या खालचे ढग मरतात आणि वरचे वाढतात. ही मर्यादा दाबानुसार बदलते. गुरुजी, त्या मुलीला दिलेले तुमचे उत्तर पूर्ण चुकीचे नव्हते. कारण तेवढे चुकले होते.

काळी माती

ताई, ढग वाढला म्हणजे आणखी जड झाला. मग त्याने वेग कसा घ्यायचा? बैल दमला आहे म्हणून गाडीत आणखी पोती टाकण्यासारखे हे झाले.

पूर्णामाय

दादा, पोती रस्त्याच्या कडेला उभी असती तर तसेच झाले असते. येथे गाडीत पडणारे प्रत्येक पोते आधीपासूनच गाडीपेक्षा जास्त वेगाने धावते आहे. सेकंदाला १००० किलोमीटरने जाणारा वारा ढगात निवून सामावला की तो आपला संवेगही सोबत आणतो. ढगाचे वस्तुमान दुप्पट होईपर्यंत त्यातील निम्मा वायू मुळातच वाऱ्याच्या वेगाचा असतो. वाढ आणि वेग या ग्रॉन्के-ओह यांच्या उत्तरात एकाच क्रियेच्या दोन बाजू आहेत, आणि मला तरी या सर्व विषयातील सर्वांत देखणी गोष्ट हीच वाटते.

माझा फजितीचा अनुभवही सांगते, कारण तो विषयाला धरून आहे. मी लॅपटॉपवर हेच सिम्युलेशन, म्हणजे ढग आणि वाऱ्याचा संगणकी प्रयोग, चालवले तेव्हा माझा ढग तीनदा मेला. त्रिज्या मर्यादेच्या कितीतरी वर, निवण्याचा नियम बरोबर, तरी थंड वायूचे वस्तुमान घसरत शून्यावर. मार्गदर्शकांनी आलेख पाहून नुसते "पेटी मोज" असे म्हटले. माझी पेटी, म्हणजे संगणक ज्या जागेपुरता हिशेब करतो ती चौकट, ढगाच्या त्रिज्येच्या वीस पट लांब होती. वाऱ्याने ढगाला लांब शेपूट फुटते, आणि जो वायू निवून पुन्हा थंड होतो तो बहुतांशी त्या शेपटीतच. शेपूट पेटीच्या मागच्या भिंतीतून बाहेर जात होते आणि माझा प्रोग्राम त्याला मृत्यू समजत होता. पेटी लांब केली, तिला ढगासोबत सरकवत ठेवले, आणि आलेख आधी खाली जाऊन मग वर चढू लागला.

ही चूक माझ्यासारख्या विद्यार्थिनीचीच असते असे नाही. ग्रॉन्के-ओह यांच्यानंतर काही गटांनी सिम्युलेशने करून सांगितले की मिश्रणाचा नव्हे, तर वाऱ्याचा स्वतःचा निवण्याचा काळ धरला पाहिजे. तो धरला तर ढग वाचणे फार अवघड होते. २०२१ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील कंजिलाल, दत्ता आणि शर्मा यांनी त्रिमितीत हा वाद पुन्हा तपासला आणि मिश्रणाच्या काळाचा निकषच लागू पडतो, असे दाखवले. ढग "मेला" कधी म्हणायचे, किती वेळ वाट पाहायची आणि पेटी किती मोठी घ्यायची, यावर निकाल बदलत होता.

विहीर

सुंदर चर्चा. मला यावरून आषाढातला तांब्या आठवला. दमट हवेत गार पाण्याचा तांब्या ठेवला की त्याला घाम फुटतो, आणि ते पाणी तांब्यातून पाझरलेले नसून हवेतून आलेले असते. येथे वारा म्हणजे दमट हवा आणि ढग म्हणजे तांब्या, असे म्हणता येईल काय?

मांजराकाठ

वायू कोठून येतो, एवढ्यापुरते ते चपखल आहे. उष्णतेच्या बाबतीत मात्र फसते. तांब्यावर वाफेचे पाणी होताना जी उष्णता सुटते ती तांब्यातच शिरते, म्हणून घाम फुटलेला तांब्या लवकर कोमट होतो आणि घाम थांबतो. ढगाच्या कडेला सुटणारी उष्णता उजेड होऊन कायमची निघून जाते, ढगाला ती पोसावी लागत नाही, म्हणून त्याचा घाम थांबत नाही. एरवी उन्हाळ्यातील माठाशी तुलना करण्याचा मोह मलाही झाला होता, पण माठ पाणी गमावून गार राहतो आणि ढग वायू कमावून, त्यामुळे ती सोडून दिली.

विहीर

पटले. पण मग माझी एक रसायनशास्त्रातली शंका आहे आणि ती थोडी गंभीर आहे. मी चाळीस वर्षे प्रयोगशाळेत काजळीशी झगडलो आहे. एम ८२ च्या फवाऱ्यात बहुवलयी सुगंधी हायड्रोकार्बनांचे, म्हणजे सोप्या भाषेत काजळीच्या रेणूंचे, अवरक्त उत्सर्जन स्पिट्झर दुर्बिणीने २००६ मध्ये फार दूरपर्यंत पाहिले आणि २०२४ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीच्या छायाचित्रांत त्याच रेणूंचे बारीक तंतू गाभ्यातून वर निघताना दिसले. हे रेणू काही डझन कार्बन अणूंचे असतात. लाखो अंशांच्या वायूत इलेक्ट्रॉन आणि आयन त्यांच्यावर आदळून त्यांचे तुकडे करतात, आणि फवाऱ्याच्या लाखो वर्षांच्या प्रवासापुढे हा काळ अगदी थोडा असतो.

तुमचे म्हणणे असे की तेथे पोहोचलेला थंड वायू बहुतांशी वाटेत निवलेला वारा आहे. वारा तर कोट्यवधी अंशांतून आलेला. त्यात काजळी शिल्लक असणे शक्य नाही, आणि निवल्यावर इतक्या विरळ वायूत ती नव्याने तयार होणेही नाही. मग ती आली कोठून? तांब्यावरच्या घामात गूळ विरघळलेला सापडला, तर तो तांब्याच्या आतूनच आला असे मी म्हणेन.

मांजराकाठ

विहीरसाहेब, या प्रश्नावर मी दोन दिवस गप्प होतो. धाग्याच्या शीर्षकात मी "टिकतो, की नव्याने तयार होतो" असा पर्याय ठेवला होता आणि पूर्णाताईंचा प्रतिसाद वाचून माझे मत दुसऱ्या बाजूला पक्के झाले होते. काजळीमुळे ते सैल करावे लागत आहे.

मला आता असे वाटते. मिश्रणाच्या हिशेबात वाऱ्याच्या एका भागाला ढगाचे दहा भाग होते, हे मी विसरलो होतो. निवून परतणाऱ्या थरात जुना वायूच बहुसंख्य असतो आणि वारा अल्पसंख्य. फक्त हे चक्र पुन्हा पुन्हा फिरत असल्याने वाऱ्याचा वाटा चढत जातो. मोठ्या ढगाच्या गाभ्यापर्यंत हे चक्र उशिरा पोहोचते. तेव्हा काजळी जिथे दिसते तिथे दीर्घिकेतून निघालेला मूळ वायू अजून आहे असे मानावे लागेल, आणि लाल तंतूंच्या झिरझिरीत टोकांत वाऱ्याचा वाटा जास्त असावा. यातून तपासण्याजोगी गोष्टही निघते: सुपरनोव्हांनी वाऱ्यात ऑक्सिजनसारखी जड मूलद्रव्ये ओतलेली असतात, म्हणून ढग जितका वारा पिऊन वाढला असेल तितके त्याच्यातील ऑक्सिजनचे प्रमाण मूळ वायूपेक्षा चढे असायला हवे.

एम ८२ फार दूर वाटत असेल त्यांच्यासाठी जवळचे उदाहरण: आपल्याच दीर्घिकेच्या केंद्राच्या वर आणि खाली २०१० मध्ये सापडलेले, प्रत्येकी सुमारे २५,००० प्रकाशवर्षे उंचीचे गॅमा किरणांचे दोन बुडबुडे आहेत. त्या भागात हायड्रोजनचे थंड ढग वेगाने बाहेर जात असल्याचे रेडिओ दुर्बिणींनी पाहिले, आणि २०२० मध्ये त्यांतील दोन ढगांत कार्बन मोनॉक्साइडही सापडला. उन्हाळ्यात पहाटे दक्षिणेकडे धनू रास पाहताना आपण त्याच दिशेने पाहत असतो.

अजिंठेकर

पूर्णामाय, तुमच्या सिम्युलेशनमध्ये जुना वायू आणि नवा वायू वेगळा ओळखता येतो का? येत असेल तर हा वाद निदान कागदावर मोजता येईल.

पूर्णामाय

येतो. सुरुवातीला ढगातील वायूवर एक खूण लावता येते. ती वायूच्या गतीत ढवळाढवळ करत नाही, नुसती त्याच्यासोबत वाहते, पाण्यात टाकलेल्या शाईसारखी. मी ती लावून काल रात्री पुन्हा चालवले. खोली इतकी तापली की पंखा लॅपटॉपकडे वळवावा लागला. एकच ढग, हिशेबाच्या चौकटींची जाळी खडबडीत, चुंबकीय क्षेत्र नाही, धूळ नाही, म्हणून याला पुरावा म्हणू नये.

शेवटच्या चित्रात एकूण थंड वायू सुरुवातीच्या तिपटीला थोडा कमी आहे आणि त्यातील शाई निम्म्याहून कमी. पण ती सगळीकडे सारखी पसरलेली नाही. शेपटीच्या टोकाला ती जवळजवळ फिकी झाली आहे, तर पुढच्या बाजूच्या तीन-चार दाट गाठींमध्ये, जेथे वारा सर्वांत कमी शिरला आहे, ती अजून गडद आहे. विहीरकाका, तुमची काजळी उरली असेल तर मी तिला त्या गाठींत शोधेन.